आकाशाला किती गुंजा लागतात

इराणी लघुचित्रात दिवसाचं आकाश पुष्कळदा सोन्याचं असतं. खाली हिरवळ, तिच्यावर घोडा, घोड्यावर कुणी राजपुत्र, मागे जांभळट-गुलाबी खडक, आणि खडकांच्या कडेपासून चौकटीच्या वरच्या रेघेपर्यंत सरळ सोनं. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाडजूड पुस्तकात मी असं एक चित्र पाहिलं. छापील पानावर ते सोनं मळकट पिवळं दिसत होतं. खालची ओळ वाचली, ‘कागदावर जलरंग आणि सोनं’, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. आणि मनात जो पहिला प्रश्न आला तो होणाऱ्या कलाशिक्षिकेला अजिबात शोभणारा नव्हता: किती लागलं असेल?

सोनाराची पोर दुसरं काय विचारणार.

आप्पांचं दुकान एरंडोलला बाजारात आहे. शोरूम वगैरे नाही. पोत ओवून देणं, नथीचा फासा बदलणं, तुटलेल्या साखळीला डाख देणं, लग्नसराईत चार मणी-मंगळसूत्रं. नवे दागिने घ्यायला लोक आता जळगावला जातात, आणि मोडले की आमच्याकडे आणतात. अशा दुकानात वाढलं की काही गोष्टी अंगात भिनतात. सोनं वजन केल्याशिवाय जागचं हलत नाही. दुकानातला केर फेकायचा नाही, डब्यात साठवायचा. झारेकरी येतो, तो केर विकत घेऊन जातो, धुतो, गाळतो आणि त्यातून कण काढतो. काम झालं की हात घमेल्यात धुवायचे, ते पाणीसुद्धा मोरीत जात नाही. कुठलाही डाग, म्हणजे दागिना, घडवताना त्याचा मोड, म्हणजे मोडल्यावर मिळणारं मोल, काय येईल हे आप्पांच्या डोक्यात आधीच तयार असतं. आमच्या धंद्यात सोनं कधी संपत नाही, ते फक्त रूप बदलतं. आजीच्या पाटल्या आईच्या बांगड्या होतात, आईच्या बांगड्या माझा हार.

चित्रातल्या सोन्याला मोड नाही. ते कागदावर गेलं की गेलं. हे आप्पांना पटवताना मला जेवढा त्रास झाला तेवढा चित्रकला शिकताना झाला नसेल.

मी हे काम ऑनलाइन शिकते, इस्फहानच्या एका बाईंकडून. त्या फारसी आणि मोडकं इंग्रजी बोलतात, मी मोडकं इंग्रजी आणि मराठी. पण हात दिसतात, तेवढं पुरतं. त्यांनी पहिल्याच धड्याला सोनं घोटायला लावलं. त्यांचं म्हणणं, रंग नंतर, आधी हे जमलं पाहिजे.

ते असं असतं. सोन्याचे वर्ख घ्यायचे. आमच्या पत्र्याच्या मशीनमधून काढलेला पत्रा कितीही पातळ केला तरी इथे चालत नाही, फारच जाड होतो. वर्ख म्हणजे फुंकर मारली तर उडून जाईल असं पान. आठ सेंटिमीटर चौरस पान घेतलं आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी धरली, तर त्याचं वजन बारा-तेरा मिलिग्रॅम भरतं. म्हणजे एका गुंजेत, सोनाराच्या त्या जुन्या वजनात, साधारण दहा पानं. हा हिशोब आप्पांनी पाटीवर नाही, तोंडी केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा दिलासा दिसला.

चिनी मातीच्या बशीत डिंकाचं दाट पाणी घ्यायचं. काही जण मध घेतात. त्यात एकेक पान बोटाच्या टोकाने उचलून टाकायचं आणि घासायचं. तर्जनी आणि मधलं बोट, गोल गोल, बशीच्या तळाला दाबून. पहिल्या काही मिनिटांत सोन्याचे तुकडे तरंगताना दिसतात, मग बारीक चमक दिसते, मग चमकही जाते. तासाभराने बशीत एक मातकट तपकिरी चिखल उरतो. डिंक सुकायला लागला की बोट अडखळतं, तेव्हाच खरं दळण होतं, म्हणून पाणी थेंबाथेंबानेच घालायचं. मग कोमट पाणी ओतून सगळं पेल्यात काढायचं, झाकून ठेवायचं. सोनं जड, पाण्याच्या एकोणीस पट. ते खाली बसतं, डिंक वर राहतो. वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, पुन्हा पाणी, पुन्हा निवळू द्यायचं. शेवटी तळाला जो थर उरतो तो वाळवला की झालं चित्रकाराचं सोनं.

आप्पा त्या दिवशी माझ्याकडे जळगावला आले होते. बशीत डोकावले. ‘हाई काय शे?’ म्हणाले. मी म्हटलं, सोनं. त्यांनी चष्मा वर केला, बशी उजेडाला धरली. ‘सोनं कथं गयं मग?’

पण गंमत अशी की त्या तपकिरी चिखलाचं त्यांना नवल वाटलं नाही. सोनं तेजाबात विरघळवून शुद्ध करतात, तेव्हा खाली बसणारी पूडही अशीच मातकट असते. अनोळखी माणूस ती केरात टाकेल. त्यांना नवल वाटलं ते मी वरचं पाणी बेसिनमध्ये ओतते याचं. तेव्हापासून माझ्या टेबलावर लोणच्याची एक रिकामी बरणी आहे. घोटलेलं पाणी, ब्रश धुतलेलं पाणी, पुसलेले कापसाचे बोळे, सगळं त्यात. महिन्या-दीड महिन्याने आप्पा ती एरंडोलला घेऊन जातात. त्यातून काय निघतं ते मला सांगत नाहीत. बहुतेक सांगण्याइतकं निघत नसावं.

त्यांनीच मग सुचवलं, की एवढं घोटत कशाला बसतेस, तेजाबातली पूड देतो ना. करून पाहिलं. रंग लागतो, पण वर्ख घोटून येते तशी चकाकी येत नाही. माझ्या अंदाजाने कारण असं की वर्ख घोटला तरी त्याचे चपटे कपचे राहतात, ते कागदावर आडवे बसतात आणि उजेड परत फेकतात. पुडीचे दाणे गोलसर, ते उजेड इकडेतिकडे उडवतात. आप्पांनी भिंगातून दोन्ही पाहिलं आणि ‘घोट मग’ म्हणाले.

हे सोनं पातळ सरसात कालवून ब्रशने लावायचं. लावताना पुन्हा तोच मातकट रंग. नवीन माणसाचा इथे धीर सुटतो, कारण आकाशाच्या जागी चिखल दिसत असतो. वाळल्यावर त्याला ओप द्यायचा, अकीकाने. दुकानात आप्पांची जी जुनी अकीकाची ओपणी पडून होती, लाकडी मुठीची, टोकाला कुत्र्याच्या दातासारखा वाकलेला दगड, ती मी उचलून आणली आहे. आता सगळी ओप मशीनवर होते, ती कुणाला नको होती. चित्रावर गुळगुळीत पातळ कागद ठेवून आधी हलक्या हाताने, मग कागद काढून थेट. दोन-तीन हात फिरले की चिखलातून एकदम धातू वर येतो. तो क्षण मी वर्गातल्या मुलांना दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढे येतात.

म्हणूनच सोनं आधी आणि रंग नंतर. ओप द्यायला दाब लागतो, शेजारी रंग असेल तर तो खरवडला जाईल. आधी आकाश, मुकुट, खोगिराची नक्षी, मग सपाट रंग, मग वस्त्रांवरची फुलं, बारीक रेघा, आणि चेहरे अगदी शेवटी. कधी कधी ओप दिलेल्या सोन्यावर बोथट सुईने ठिपके टोचतात, म्हणजे पान हलवलं की लुकलुकतं. पुस्तक हातात धरून बघायचं असतं हे त्या चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. भिंतीवर काचेत टांगलेलं लघुचित्र मला म्हणूनच निम्मं वाटतं.

कागदाबद्दल मात्र आम्हा खान्देशवाल्यांना मान वर करून बोलता येतं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये एरंडोल आणि यावलच्या हातकागदाची नोंद आहे. जाडाभरडा होता असंही त्यांनी लिहून ठेवलंय, पण होता. यावलची तर नीळही प्रसिद्ध होती. कागद आणि नीळ दोन्ही तापीच्या खोऱ्यात, आणि मी मात्र कागद मागवते जयपूरहून. आप्पांच्या आजोबांच्या खतावणीत मागची काही पानं कोरी आहेत, जुन्या हातकागदाची. मी ती मागून पाहिली. आप्पांनी खतावणी उघडून दाखवली, मला हात लावू दिला, आणि बंद करून परत कपाटात ठेवली. असो.

कागदाला आधी खळ द्यावी लागते, पिठाची, पातळ. वाळला की गुळगुळीत फळीवर ठेवून दगडाने घोटायचा, काचेसारखा होईपर्यंत. असा कागद रंग पिऊन टाकत नाही. रंग वर राहतो, त्यामुळे केसाएवढी रेघही फुटत नाही. त्यावर चित्र उतरवायची जुनी युक्ती आमच्या गल्लीतली आरीवर्कवाली रोज वापरते. नक्षी कागदावर काढायची, रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद ठेवून वरून पूड घासायची. ती रॉकेल आणि नीळ लावते, इराणी कारखान्यात कोळशाची पूड असायची. एकाच खाक्यावरून घोडे पाच चित्रांत धावायचे, कधी उलटे करून. नकल म्हणून नाक मुरडण्याचं कारण नव्हतं. उस्तादाचा घोडा हुबेहूब येणं हीच शिकण्याची रीत होती. माझ्या बाईही तेच करायला लावतात. सध्या मला बिहजादच्या एका चित्रातल्या फरशा दिल्या आहेत. हेरातच्या बिहजादने 1488 च्या ‘बोस्तान’ या फारसी काव्यग्रंथाच्या प्रतीत युसूफ आणि झुलेखाचं चित्र काढलं, ते आज कैरोला आहे. एकामागून एक बंद दारं, जिने, आणि त्यातून निसटणारा युसूफ. माणसं दोनच, बाकी सगळी इमारत. बाई म्हणतात, माणसं राहू दे, दारं कर.

रंगांची मौज वेगळीच. निळा लाजवर्द, बदख्शानच्या खाणीतला दगड. लाल हिंगूळ, पिवळी हरताळ, पांढरा शिशाचा सफेदा. हरताळ आणि सफेदा एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदत नाहीत, काळवंडतात. हिरवा जंगाल म्हणजे तांब्यावर चढणारं विष, तो कालांतराने कागदच खातो. जुन्या हस्तलिखितांत हिरव्या जागी कागद करपून भोक पडलेलं दिसतं. त्यावर इराणी कारागीर जंगालात केशर घालायचे, आणि अलीकडे प्रयोगशाळेत तपासल्यावर केशर खरंच ते करपणं आटोक्यात ठेवतं असं दिसून आलं. आप्पांना ही गोष्ट सोन्यापेक्षा जास्त आवडली. केशरही ते गुंजेतच मोजतात.

आता त्यांच्या मूळ तक्रारीकडे येते. मोड नसलेल्या सोन्याचं करायचं काय? मी त्यांना इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्या शाहनाम्याची, म्हणजे राजांच्या महाकाव्याच्या चित्रमय प्रतीची, गोष्ट सांगितली. तबरीझच्या कारखान्यात 1520 च्या दशकात ते काम सुरू झालं. 759 पानं, 258 चित्रं. त्यातलं सुलतान मुहम्मद या चित्रकाराचं ‘गयुमर्सचा दरबार’ हे एकच चित्र पाहायला मिळालं तरी जन्म सार्थकी लागेल असं मला वाटतं: वर सोन्याचं आकाश, खाली बिबट्याचं कातडं पांघरलेली माणसं, आणि नीट पाहिलं तर खडकाखडकांत लपलेले चेहरे. ते आता टोरंटोत आहे. तहमास्पने पुढे हा ग्रंथ 1568 मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या सलीमला नजराणा म्हणून धाडला. फिरत फिरत 1959 मध्ये तो आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाकडे आला, आणि त्याने पानं सुटी केली. 78 चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला गेली, बरीच एकेक करून विकली गेली.

‘म्हणजे डाग मोडला,’ आप्पा म्हणाले. ‘आणि मणी सुटे विकले.’

उरलेली 118 चित्रं 1994 मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर इराणला परत मिळाली, पैशाने नाही, अदलाबदलीने: तेहरानच्या संग्रहालयातलं विलेम डी कूनिंगचं एका बाईचं आधुनिक चित्र द्यायचं आणि ही घ्यायची. 2011 मध्ये याच ग्रंथातलं एक पान लंडनच्या लिलावात 74 लाख पाउंडांना गेलं. आप्पांनी विचारलं, त्या पानावर सोनं किती असेल? मी म्हटलं, फार तर काही गुंजा. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, घडणावळ जास्तच लावली म्हणायची.

घडणावळच आहे ती, हेच माझं म्हणणं. सोनाराच्या घरात सोनं म्हणजे ठेव. अडीअडचणीला मोडायची. त्या चित्रकारांना सोन्याची किंमत कळत नव्हती असं नाही, पण बशीत घोटलेलं सोनं त्यांच्या लेखी लाजवर्दच्या रांगेतला एक रंग होता, आणि रंगासारखाच ते त्याला वापरायचे: पातळ, जाड, ओप दिलेला, न दिलेला. सोन्यात चांदी जास्त घातली की ते हिरवट होतं, तांबं घातलं की लालसर, हे आप्पा मला लहानपणापासून सांगत आले. त्यांच्यासाठी ती कसातली खोट. चित्रात दोन छटांची सोनी शेजारी शेजारी लावून वेलबुट्टी करतात. समासात नुसत्या सोन्याने हरणं, लांडगे, सिमुर्ग नावाचा काल्पनिक पक्षी काढतात, ते मजकुराच्या बाहेर आपले पळत असतात. यातलं काहीच दूरून दिसावं म्हणून केलेलं नाही. आपल्याकडे लग्नात घालतात ते सोनं दूरून दिसलंच पाहिजे, नाहीतर पैसे फुकट.

पर्यटनस्थळांवर जुन्या वहीच्या पानांवर उंट-हत्ती रंगवून ‘प्राचीन मिनिएचर’ म्हणून विकतात, त्याबद्दल दोन शब्द, कारण मला लोक फोटो पाठवून विचारतात. ते सोनं नसतं. पितळेची पूड असते. भिंगातून पाहा, कडेला हिरवट झाक दिसते. पान खरं जुनं असतं, चित्र गेल्या वर्षीचं. आवडलं तर घ्या, पण चित्राचे पैसे द्या, वयाचे नको.

ही कला आपल्यापासून तशी लांबची नव्हतीच. भुसावळहून गाडीत बसलं की रावेरनंतर बऱ्हाणपूर. नकाशात आज ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी राजांच्या काळी खान्देशची राजधानी तिथे होती, आणि अकबराने असीरगड घेतल्यावर मोगलांचं दख्खनचं ठाणं. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे आपल्या शाळेतल्या दोह्यांचा रहीम, तिथे वर्षानुवर्षं होता. त्याच्या पदरी चित्रकार, खुशनवीस म्हणजे सुलेखनकार, जिल्दसाज म्हणजे पुस्तकं बांधणारे होते. नहावंदहून आलेल्या अब्दुल बाकीने 1616 मध्ये पुऱ्या केलेल्या ‘मआसिर-ए-रहीमी’त त्यांचे वृत्तांत दिले आहेत. रहीमने करवून घेतलेलं फारसी रामायण आज वॉशिंग्टनला आहे. मुश्फिक नावाचा त्याचा एक चित्रकार होता. बादशाही कारखान्यातलं काम आणि हे काम शेजारी ठेवलं तर हे साधं दिसतं, हात तितके बारीक नाहीत, पण मला त्यातली माणसं जास्त जिवंत वाटतात. शिवाय बऱ्हाणपूर हे सोन्या-चांदीची तार ओढणाऱ्यांचं गाव. तिथल्या बाजारात कलाबतू, म्हणजे जरीची तार, होती. तेव्हा रहीमच्या चित्रकारांना सोन्यासाठी लांब जावं लागलं नसणार, हा माझा आपला तर्क.

तर सध्या मी बऱ्हाणपूरचं चित्र करतेय. मधोमध रहीम, हातात वही, मागे शाही किल्ल्याची भिंत, खाली तापी. आकाश झालंय, सोन्याचं, आप्पांच्या ओपणीने ओप दिलेलं. अडलंय ते पाण्यावर. इराणी रीतीने पाणी चांदीचं असतं. आणि चांदी काळी पडते. जुन्या चित्रांतले कितीतरी ओढे, हौद आज काळेभोर दिसतात. काढले तेव्हा ते चमकत होते. हवेतल्या गंधकाने हे होतं, जोडवी काळी पडतात त्याच कारणाने. बाई म्हणतात, चांदीच लाव, रीत ती रीत. आप्पा म्हणतात, डोळ्यांदेखत खराब होणारं काम गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. इथे गिऱ्हाईक कोण हे मी विचारलं नाही. त्यांचं मत पॅलॅडियम लाव, पांढरं राहील, काळं पडणार नाही. त्याचा वर्ख मिळतो, पण आमच्या बाजारात नाही, आणि घोटल्यावर ते चांदीसारखं पांढरं न दिसता जरा राखी दिसतं असं बाईंनी बजावलंय.

जळगावच्या सराफ बाजारात आप्पांनी ओळखीच्या एकाला सांगून ठेवलंय, नमुना मागवतोय तो. ‘व्हई जाई,’ म्हणाले. तोवर मी किल्ल्याच्या विटा करतेय. इराणी पद्धतीत प्रत्येक वीट वेगळी काढायची असते, आणि तो किल्ला काही लहान नाही.